चौथ्या रकान्यातली माणसं

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी समानता कक्ष आहे. कक्षात दुसरं कोणी नाही, त्यामुळे कक्ष म्हणजे मीच. नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर मोडक्या खुर्च्या ठेवायची एक खोली होती, ती झाडून मला दिली आहे. एक टेबल, एक कपाट, एक खिडकी. खिडकीतून खालचं अंगण आणि त्यातलं कारंजं दिसतं. सकाळी धुकं इतकं होतं की पाणी वर जाताना दिसे, आणि मग ते कुठे जातं ते कळत नसे. आवाज अजिबात नाही. नवा पंप बसवला असावा. जुना काय घरघरायचा!

सव्वीस वर्षं आवक-जावकमध्ये शिक्के मारले. हे काम साहेबांनी मलाच का दिलं, देव जाणे. "तुम्ही शांत आहात, वाद घालत नाही," असं काहीसं म्हणाले. साहेब हल्ली फार पुटपुटतात. फायलीत तोंड खुपसून बोलतात, त्यातलं अर्धं फाइलच ऐकते. मी मान डोलावली, शेवटी "हो" म्हटलं. ते खूश झाले.

काम असं आहे. तळमजल्यावरच्या आठही खिडक्या, म्हणजे दाखले, पाणी, घराचा कर, तक्रारी वगैरे सगळ्या, एक जानेवारीपासून बंद होणार. लोकांनी एका नंबरवर फोन करायचा. नव्या कायद्याप्रमाणे असं काही करायचं तर अहवाल लागतो. कायद्याचा कागद सोबत आहे. सार्वजनिक संस्थेने कोणताही निर्णय घेण्याआधी, त्याने कोणाला इतरांपेक्षा जास्त अडचण होईल याचा विचार केला पाहिजे, आणि सगळ्यांना सारखी संधी मिळेल असं पाहिलं पाहिजे. आणि हे सगळं "मोकळ्या मनाने". कायद्यात मन! सव्वीस वर्षांत एकाही परिपत्रकात हा शब्द माझ्या शिक्क्याखालून गेला नव्हता. मी तो दोनदा वाचला.

अहवालाचा तक्ता दोन पानांचा. चौथा रकाना: "कोणाला जास्त अडचण होईल?" मी लिहिलं, "कोणालाही नाही." घरबसल्या काम होतंय, अडचण कसली?

मला स्वतःला फोन आवडत नाही, ती गोष्ट वेगळी. हल्लीचे फोन म्हणजे पलीकडचा माणूस उशीत तोंड घालून बोलतोय असं वाटतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

धुकं आज दुपारपर्यंत होतं. रस्त्यावरून चालताना माणसं एकदम बाजूला उगवतात, सायकली तर हवेतून आल्यासारख्या. सगळं गाव कोणीतरी कापसात गुंडाळून कपाटात ठेवलंय. मला हे आवडतं. डोकं कसं हलकं राहतं.

हे हल्ली फार प्रेमळ झाले आहेत. बोलायचं असलं की उठून अगदी समोर येतात, खांद्यावर हात ठेवतात, माझ्या डोळ्यांत बघतात आणि मग विचारतात, "भात टाकू का?" लग्नाला तीस वर्षं झाली, इतकी वर्षं भिंतीकडे बघून बोलायचे. उतारवयात माणूस गोड होतो म्हणतात ते खरं.

लेकीनंही एक नवीन खूळ काढलंय. रविवारी फोन करायची, आता पत्र लिहिते. चांगली चार-चार पानं. हातानं लिहिलं की मन लागतं म्हणे. लिही बाई.

पहाटे स्वप्न पडलं. स्वप्नात फार गोंगाट होता. लेक लहान होती आणि जिन्यावरून उड्या मारत उतरत होती, धाड धाड धाड. जाग आली तर घर इतकं शांत, जणू मी स्वप्नातून उठून दुसऱ्या स्वप्नात आले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

अहवाल परत आला. नगरपालिकेच्या वकीलबाई स्वतः घेऊन आल्या. तरुण आहेत, शब्द नाणं वाजवून द्यावं तसा एकेक देतात. मला त्यांचं सगळं कळतं, म्हणून त्या मला आवडतात.

"चौथ्या रकान्यात 'कोणालाही नाही' लिहिलंय तुम्ही. कोणाला विचारलंत?"

"कोणालाही नाही," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "कायदा खिडक्या बंद करा म्हणत नाही आणि चालू ठेवा असंही म्हणत नाही. बघा आणि मग ठरवा, एवढंच म्हणतो. तुम्ही बघितलंच नाही."

मला राग आला. माझ्याहून वीस वर्षांनी लहान पोर. पण बाईंचं चुकलं कुठे?

११ नोव्हेंबर, मंगळवार

चार दिवस तळमजल्यावर बाकावर बसते आहे. मांडीवर वही. येईल त्याला विचारते, "ही खिडकी बंद झाली आणि फोनवर काम करायचं झालं, तर चालेल का?"

बहुतेकांना चालेल. एक तरुण म्हणाला, "आजच करा की." पण बाकीचे वहीत उतरवते आहे:

एक आजोबा. हात कापतात, फोनचे आकडे चुकतात. गेल्या आठवड्यात तीनदा एका खाटकाला लागला म्हणे. "आता तो मला ओळखतो," म्हणाले.

एक बाई, परक्या मुलखातून आलेली. आमची भाषा तोडकी बोलते. खिडकीवर बोट दाखवता येतं, कागद पुढे करता येतो. फोनवर बोट कसं दाखवणार?

एक गृहस्थ, बोलताना अडखळतात. मला उत्तर द्यायला त्यांना बराच वेळ लागला, आणि मला त्यांचं सगळं कळलं, कारण ते प्रत्येक शब्द ओठांवर ठेवून मग सोडत होते. फोनवर लोक ठेवून देतात म्हणाले. त्यांना वाटतं, लाइन तुटली.

तीन नंबरच्या खिडकीवर आमचा कारकून पोपट बसतो. नावाप्रमाणेच, बोलणं थांबत नाही. काचेआडून त्याचे ओठ सारखे हलतात आणि मी वर पाहून हसते. काय म्हणतो कोण जाणे, पण हसलं की त्याला पुरतं.

हॉल दुपारी फार सुंदर दिसतो. उंच खिडक्यांतून उजेड तिरपा येतो, त्यात धूळ तरंगते, माणसं हळूहळू सरकतात, बूट वाजत नाहीत. पाण्याखालच्या देवळात बसल्यासारखं वाटतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक बाई आल्या. शिवणकाम करतात, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच होतं. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलतही नाहीत. गळ्यात दोरीनं अडकवलेली छोटी वही आणि पेन्सिल. घराच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. मी प्रश्न लिहून दिला. त्यांनी वाचला, माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी विनोद केला, आणि फोनचा नंबर लिहिलेल्या पाटीकडे बोट दाखवून हात उघडे केले. मी वहीत लिहून घेतलं. लाज वाटली. हे मला आधी सुचायला नको होतं?

मग आम्ही गप्पा मारत बसलो, लिहून. इतक्या दिवसांत इतक्या निवांत गप्पा झाल्या नव्हत्या. मध्येच पोपटानं काचेवर टकटक केली असावी, कारण बाई तिकडे बघून मला खुणेनं "तुला बोलावतोय" म्हणाल्या. त्यांना काच थरथरताना दिसली. मी वळले, पोपटाचे ओठ बघितले, "नंतर" म्हटलं आणि परत वळले.

शिवणवाल्या बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मग वहीत दोनच शब्द लिहिले.

"किती वर्षं?"

मी लिहिलं, "सव्वीस. आवक-जावकमध्ये."

त्या आवाज न करता हसल्या, डोळ्यांत पाणी येईतो. मग पेन्सिलीनं हलकेच माझ्या कानाला स्पर्श केला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मला नीट ऐकू येतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

हे घड्याळं दुरुस्त करतात. घरातल्या टेबलावर आज अकरा होती. हे आंघोळीला गेले तेव्हा मी एकेक कानाशी धरलं. अकराही चालू, काटे फिरत होते. उजव्या कानाला दोन घड्याळं लागली, तीही लांबून, दुसऱ्या गल्लीत असल्यासारखी. डाव्या कानाला एकही नाही.

हे बाहेर आले. मी टेबलापाशीच होते, हातात घड्याळ.

"मला कमी ऐकू येतं का हो?"

यांनी टॉवेल खाली ठेवला. समोर आले, खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कुठे मला त्या हाताचा अर्थ कळला.

"दोन वर्षं होत आली," हे म्हणाले.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. तीनदा. तिन्ही वेळा तू म्हणालीस, 'बरं, येताना आणते.'"

मी हसले. हसता हसता रडायला लागले. मग भांडले. लेकीची पत्रं यांच्याच सांगण्यावरून होती. दारावरची बेल काढून दिवा लागणारी बसवली, ती "जुनी बिघडली" म्हणून नव्हे. दोन वर्षं सगळे माझ्यासाठी सोयी करत होते. माझ्याबद्दल सगळ्यांनी विचार केला, मला मात्र कोणी विचारलं नाही.

"तुला वाईट वाटेल म्हणून..." हे म्हणाले.

"वाटू द्यायचं होतं."

दिवसभर बोलले नाही. हेही बोलले नसतील. बोलले असतील तर मला कळलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अहवाल पुरा झाला, सदतीस माणसांचा. चौथा रकाना पुरला नाही, सहा पानं जोडावी लागली. साहेबांकडे नेला. मी नेहमीच्या खुर्चीत न बसता खिडकीकडच्या बाजूला बसले, त्यांचं तोंड उजेडात दिसेल अशी. साहेब तसे वाईट नाहीत. बायकोच्या आजारपणात दोन महिने रजा मागायला लाजले होते, मीच अर्ज लिहून दिला होता.

"मेहनत घेतलीत," ते म्हणाले. "पण ही पानं काढा. चौथ्या रकान्यात तुमचं आधीचंच राहू द्या. आणि तारीख पंधरा ऑक्टोबर टाका."

"आज एकोणीस नोव्हेंबर आहे साहेब."

"खिडक्यांचा आदेश वीस ऑक्टोबरला निघालाय. अहवाल त्याआधीचा हवा, नाहीतर आदेशच टिकणार नाही. माझ्यावरही वरून दडपण आहे हो."

"पण हे मला आधी..."

"पहिल्याच दिवशी सांगितलं! मागची तारीख टाकावी लागेल, चालेल ना, म्हणून मुद्दाम विचारलं. तुम्ही हो म्हणालात. म्हणून तर काम तुम्हाला दिलं."

म्हणजे मी शांत आहे ती अशी.

आता दोनच गोष्टी म्हणता येतात. एक, "मी खोट्याला हो म्हटलं होतं." दुसरी, "मला ऐकूच आलं नव्हतं." पहिलीनं मान जातो, दुसरीनं बहुधा नोकरी. मी "उद्या सांगते" म्हणून उठले. परत येताना जिना कुठे संपला तेही कळलं नाही, एक पायरी जास्त आहे असं समजून पाय हवेत टाकला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रजा टाकली. डोकं दुखतंय असं लिहिलं. अर्जावर तारीख मात्र आजचीच घातली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वकीलबाईंकडे गेले. दार लावलं आणि सगळं सांगितलं: कान, "हो", तारीख. इतक्या जोरात सांगितलं की त्यांनी हातानं "हळू" अशी खूण केली. मी जोरात बोलते हेही मला आजच कळलं.

"आदेश आधीच निघालाय, हे मला दाखवलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. खूप चिडल्या होत्या, पण माझ्यावर नाही. "ठरवून झाल्यावर बघितलं तर त्याला बघणं म्हणत नाहीत. तुम्ही आजची तारीख घाला."

"साहेब म्हणतील, ऐकू न येणारी बाई नोकरीत कशाला?"

त्यांनी खुर्ची ओढून माझ्या जवळ आणली.

"ज्या कायद्याचा अहवाल तुम्ही लिहिलाय, तो रस्त्यावरच्या माणसांना लागू आणि इमारतीतल्यांना नाही, असं कुठे लिहिलंय? नगरपालिकेनं तुमचाही विचार करायचा आहे. तसं तिचं कर्तव्यच आहे. तुम्ही काय बाहेरच्या आहात?"

मी अहवाल पुन्हा उघडला. चौथा रकाना लिहिताना मी स्वतःला बाहेरच ठेवलं होतं खरं. सदतीस नावं, आणि लिहिणारी कोणीच नाही.

संध्याकाळी यांच्याशी बोलले. अहवाल वाचायला दिला. यांनी भिंग लावून वाचला, घड्याळ तपासतात तसा. मग समोर येऊन म्हणाले, "अडतीस कर."

केले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज समितीची सभा होती. जसं झालं तसं लिहून ठेवते.

सभागृह म्हणजे एक लांबच लांब टेबल. एका टोकाला अध्यक्ष, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये अकरा सभासद, साहेब आणि वकीलबाई. कडेला लोकांसाठी बाकं. मला वाटलं रिकामी असतील. आजोबा आले होते. अडखळणारे गृहस्थ आले होते. शिवणवाल्या बाई पहिल्या बाकावर, गळ्यात वही. शेवटच्या बाकावर हे, घरून इस्त्री करून घातलेल्या शर्टात. यायला मी सांगितलं नव्हतं.

मी अहवाल वाचला. स्वतःचा आवाज मला छातीत जाणवत होता, कानांत नाही. तारीखही वाचली, एकवीस नोव्हेंबर. आदेशाची वीस ऑक्टोबर, तीही वाचली. साहेबांनी मान खाली घातली.

वाचून झाल्यावर अध्यक्षांनी काहीतरी विचारलं. भरघोस मिशा, त्यांवर हात, आणि टेबलाचं ते टोक. काहीच कळलं नाही. सगळे माझ्याकडे वळले. साहेब माझ्या वतीनं उत्तर द्यायला अर्धवट उठले.

सव्वीस वर्षांची सवय होती. मान डोलवायची, "हो" म्हणायचं. मान हललीही असेल थोडी.

"मला ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "मला कमी ऐकू येतं. कृपा करून लिहून द्या."

अध्यक्षांनी खिसे चाचपले. पेन नव्हतं. एका सभासदानं दिलं, ते उमटेना. दुसरं आलं. मग ते लिहायला लागले आणि सगळं सभागृह थांबलं. अकरा सभासद, साहेब, शिपाई, सगळे एका माणसाचं लिहून होईपर्यंत थांबले. मला वाटलं, इतका वेळ कोणी माझ्यासाठी कधी थांबलं नव्हतं.

तेवढ्यात कडेच्या बाकांवर काहीतरी हललं. आजोबांनी कापरा हात वर केला होता. मग मागच्या एका बाईनं. मग मला अजिबात न ओळखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं. आणि टेबलावरच्या सभासदांपैकी, केस काळे केलेल्या एकानं, इकडे तिकडे बघत, कोपर टेबलावर ठेवून हात अर्धाच उचलला. ते काय म्हणत होते ते यांनी नंतर सांगितलं. म्हणत होते, "मलाही नाही आलं ऐकू."

कागद हातोहात माझ्यापर्यंत आला. अध्यक्षांचं अक्षर कोंबडीच्या पायाचं. लिहिलं होतं: "यातल्या किती जणांना तुम्ही स्वतः भेटलात?"

"सदतीस जणांना," मी म्हटलं. "अडतिसावी मी."

१२ डिसेंबर, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही.

समितीनं वीस ऑक्टोबरचा आदेश मागे घेतला. फार मोठा विजय वगैरे नाही. फोनचा नंबर सुरू होणारच, आणि बहुतेकांना तो हवाही आहे. पण मार्चपर्यंत तीन खिडक्या चालू राहतील, एकीवर कागद-पेन्सिल ठेवायची, आणि तोवर सगळ्यांना नीट विचारून नव्यानं ठरवायचं. कदाचित शेवटी खिडक्या बंदही होतील. वकीलबाई म्हणाल्या, तसं झालं तरी या वेळी बघून झालेलं असेल.

पोपटाची बदली फोनवर झाली. आता दिवसभर बोलायचा पगार मिळतो, स्वर्गात आहे तो.

साहेबांना ताकीद मिळाली. रागावलेत. माझ्याशी बोलत नाहीत, काही हवं असलं की चिठ्ठी पाठवतात. ठसठशीत अक्षरात, मुद्देसूद. याहून मोठी सोय त्यांनी माझी आजवर केली नव्हती, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. मीही सांगणार नाही.

माझी नोकरी आहे तिथेच आहे.

आज कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी उजव्या कानात मशीन बसवलं, वाटाण्याएवढं. डाव्यात उपयोग नाही म्हणाले. चालू केल्याबरोबर खोली माझ्या अंगावर आली. कागद फाडल्यासारखा आवाज झाला, तो माझ्याच बाहीचा होता. बाहेर कुठेतरी बादली ठेवली गेली. खुर्चीला आवाज असतो, दिव्याला असतो, मी विसरूनच गेले होते. त्या धुक्यात मला बरं वाटत होतं, हेही इथे खरं लिहायला हवं. एक क्षण वाटलं, काढून द्यावं परत.

"काहीतरी बोला ना यांच्याशी," डॉक्टर यांना म्हणाले.

हे बुजले. अशा वेळी माणसाला काय सुचणार? घसा खाकरून म्हणाले, "घरी जाताना बाजारातून जायचं का? बटाटे संपलेत."

मी यांच्या ओठांवरची नजर काढली. यांचा आवाज म्हातारा झाला आहे. कडांना झिजलाय, मध्ये श्वास लागतो, शेवटचं अक्षर जरा कापतं. माझ्या डोक्यात तो दोन वर्षांपूर्वीचाच होता. रोज यांच्या ओठांवरून शब्द उचलून मी त्याला तोच जुना आवाज लावत होते, आणि इकडे हा आवाज एकटाच म्हातारा होत गेला, कोणी न ऐकता.

"काय झालं?" यांनी घाबरून विचारलं. "नीट येत नाहीये का?"

"येतंय," मी म्हटलं. "बोलत राहा. बटाटे, अजून काय?"

"कांदे," हे म्हणाले. "आणि..."

यांना पुढचं आठवेना. मी थांबले.